डोंगरातल्या वाड्यांवर सोलरचं सामान चढवायला कोणता ड्रोन घ्यावा?

तुम्ही विचारलंय की अकोले तालुक्यात रस्ता नसलेल्या वाड्यांवर पॅनल, इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि स्ट्रक्चर पोचवायचंय, एकेक नग २५-३० किलोपर्यंतचा आहे, आणि फवारणीचा जुना ड्रोन स्वस्तात मिळतोय तर तो चालेल का. नाही चालणार. मी फवारणीपासूनच सुरुवात केली आणि आता सर्व्हेवाल्यांचं, टॉवरवाल्यांचं सामान चढवून देतो, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे.

आपल्याकडचे १० लिटरचे फवारणी ड्रोन मुद्दाम २५ किलोच्या आत बसवलेले असतात, कारण ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलो हा 'स्मॉल' वर्ग. हे वजन भरलेल्या टाकीसकट धरायचं. म्हणजे त्याची उचल साधारण १० किलो, तीही टाकीच्या जागी घट्ट बसलेली आणि उडता उडता कमी होत जाणारी. दोराला लटकवलेलं पोतं शेवटपर्यंत तेवढंच राहतं, वर झोके घेतं. टाकी काढून हूक लावून देणारे लोक भेटतील, पण त्या मशीनचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता, फवारणीच्या रचनेला मिळालेलं असतं. उद्या काही झालं तर विमा कंपनी पहिलं तेच विचारणार.

आता ३० किलो म्हणजे काय ते बघा. तुम्ही ज्याचा व्हिडिओ बघितलाय त्या, डीजेआय या चिनी कंपनीच्या फ्लायकार्ट ३० या मालवाहू ड्रोनचं दोन बॅटऱ्यांसह स्वतःचं वजन ६५ किलो आहे. ३० किलो लावलं की ९५. वजन जवळपास दीडपट झालं, पण हवेत नुसतं तरंगत राहायला लागणारी ताकद पावणेदोन पटीच्या आसपास जाते. म्हणून रिकामं मशीन छान अर्धा तास उडताना दाखवतात त्याला काही अर्थ नाही. भरलेल्या वजनावर किती मिनिटं, आणि उतरताना बॅटरी किती टक्के शिल्लक, एवढंच विचारा.

त्यात आपली हवा. एप्रिलच्या दुपारी ८०० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीवरच्या प्रमाणित हवेपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास विरळ असते. पाती तेवढीच फिरली तरी उचल कमी मिळते. २०२४ च्या एप्रिलमध्ये हेच फ्लायकार्ट एव्हरेस्टच्या बेस कॅम्पहून वर, ६००० मीटरपर्यंत, चाचणीसाठी उडवलं तेव्हा १५ किलो नेलं होतं, ३० नव्हे. अकोले तालुक्यात एवढी घसरण होणार नाही, पण छापील आकड्याच्या सत्तर टक्क्यांवर हिशेब धरावा असं माझं मत आहे.

आणि हे मशीन तुम्ही सरळ विकत घेऊ शकत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढेच अपवाद, आणि सुटे भाग चालतात. 'आणून देतो' म्हणणाऱ्याकडून घेतलात तर नोंदणी क्रमांक नाही, विमा नाही, आणि कुठल्या सरकारी कामाच्या बिलात ते दाखवता येणार नाही. भारतात बनलेलं, टाइप सर्टिफिकेट असलेलंच बघा. २५ किलोच्या वर गेलात की 'मीडियम' वर्ग लागतो. पायलटचं प्रमाणपत्रही त्याच वर्गाचं हवं, स्मॉलवाल्याला ते उडवता येत नाही.

खरी अडचण मात्र वजनाची नाहीच, पॅनलची आहे. साडेपाचशे वॅटचं पॅनल अंदाजे २८ किलो आणि अडीच चौरस मीटर. म्हणजे दोराला टांगलेलं शीडच. ताशी ३६ किलोमीटरचं वारं आडवं लागलं तर त्यावर पंधरा-वीस किलोंचा दाब येतो, आणि घाटाच्या कड्यावर असं वारं दुपारी रोजचंच. उभं बांधलं तर गरागरा फिरतं, आडवं बांधलं तर पात्यांचा झोत थेट त्यावर. मी पॅनलची कामं घेत नाही, स्पष्टच सांगतो. पॅनल माणसांच्या खांद्यावरूनच जाऊ द्या. अँगल, नटबोल्ट, वायरची बंडलं, इन्व्हर्टर, पायासाठी वाळू-सिमेंट ड्रोनने न्या, कारण माणसं थकतात ती याच खेपांनी. सिमेंट २० किलोच्या पिशव्यांत भरून घ्या.

लिथियम बॅटऱ्या वगळा. धोकादायक माल म्हणून त्यांचे वाहतुकीचे नियम वेगळे आहेत आणि ड्रोनलाही ते लागू होतात.

विंच, म्हणजे दोर खाली सोडणारी-गुंडाळणारी चरखी, असलेलंच मशीन घ्या. वाडीत ९०-९५ किलोचं यंत्र खाली उतरवायला गेलात तर घरांची कौलं आणि पत्रे जागेवर राहणार नाहीत. वीसेक मीटर वर थांबून दोर सोडायचा. हूक असा हवा की सामान जमिनीला टेकून ताण गेला की आपोआप सुटेल, कुणी हात घालायची वेळ येऊ नये. विंच नसेल तर निदान दोराच्या लांबीबद्दल विक्रेत्याशी बोला: १० मीटरच्या दोरावरचं ओझं एक झोका पुरा करायला सहा सेकंदांहून जास्त घेतं, आणि तो शांत करण्याची सोय फ्लाइट कंट्रोलरमध्ये, म्हणजे ड्रोनच्या आतल्या कॉम्प्युटरमध्ये, आहे की पायलटच्या बोटांवर, हे आधीच कळलं पाहिजे.

परवानग्यांत डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा, ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा नकाशा तर बघालच. पण दोन गोष्टी लोक विसरतात. १२० मीटरची मर्यादा खालच्या जमिनीपासून मोजतात. रस्त्यावरून समोरच्या कड्याकडे सरळ दरी ओलांडलीत की मधेच ती मोडते, त्यामुळे उताराला धरून जाणारा मार्ग आखावा लागतो. आणि तुमच्या काही वाड्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येत असतील, तिथे वनखात्याचं पत्र आधी.

चार्जिंगचा हिशेब कुणी सांगत नाही. एवढ्या मशीनचा दोन बॅटऱ्यांचा एक संच साधारण चार युनिटांचा. तो अर्ध्या तासात भरायचा तर आठ किलोवॉट लागतात, वाडीतल्या सिंगल फेजवर ते जमणार नाही. म्हणजे पिकअपमध्ये जनरेटर, आणि बॅटऱ्यांचे किमान तीन संच. बजेटमधला मोठा वाटा मशीन नाही, हेच खातं.

वर्षाला पाच-सहाच वाड्या असतील तर विकत घेऊ नका, पायलटसकट भाड्याने आणा. घ्यायचंच ठरलं तर डेमो तुमच्याच वाडीत, तुमच्याच अँगलच्या बंडलावर आणि दुपारी दोनला मागा. सकाळी सात वाजता मोकळ्या मैदानावर सगळेच ड्रोन उचलतात. पाठोपाठ तीन खेपा करायला लावा आणि तिसरीनंतर मोटर आणि बॅटरी किती तापलीय ते बघा.