वाचकांचे प्रश्न : बँक गॅरंटी आणि न उचललेली मर्यादा

प्रश्न : रस्त्याच्या कामासाठी मला 50 लाखांची परफॉर्मन्स गॅरंटी (काम नीट पूर्ण करण्याबद्दलची बँकेची हमी) आणि 1 कोटीच्या मोबिलायझेशन ॲडव्हान्सपोटी (काम सुरू करायला मिळणारी आगाऊ रक्कम) दुसरी गॅरंटी हवी आहे. बँकेचा रुपयाही जात नसताना मार्जिन (गॅरंटीपोटी बँकेकडे ठेवायची रक्कम) आणि तारण कशासाठी? दुसऱ्या गॅरंटीचं कमिशनही जास्त का? (कंत्राटदार, सातारा)

उत्तर : पैसे आज जात नाहीत. जातील त्या दिवशी तुमचं काम अडलेलं असेल आणि खातं रिकामं असेल. म्हणून बँक तुम्हाला कर्जदारासारखंच पारखते. गॅरंटी मुख्य ताळेबंदात येत नाही, परिशिष्ट 12 मध्ये ‘संभाव्य दायित्वे’ म्हणून दाखवतात; नुकसान सोसण्यासाठी राखायचं बँकेचं स्वतःचं भांडवल मात्र तिच्यासाठी आजच अडकतं.

हिशेब असा. रोख मार्जिन आधी वजा होतं. 50 लाखांवर 10 लाख ठेवलेत तर उरले 40. परफॉर्मन्स गॅरंटीची निम्मी रक्कम कर्जासारखी धरतात, म्हणजे 20 लाख. जोखीम-भार (जोखमीनुसार रकमेचा किती हिस्सा मोजायचा ते प्रमाण) 100 टक्के आणि भांडवल 11.5 टक्के धरलं, तर अडकले 2 लाख 30 हजार. मोबिलायझेशन ॲडव्हान्सची गॅरंटी मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमांत वित्तीय हमी, म्हणजे पैसे फेडण्याचीच हमी आहे. ती पूर्ण धरतात, त्यामुळे मार्जिन नसेल तर 1 कोटीपोटी 11 लाख 50 हजार. कमिशनमधला फरक मुख्यतः इथून येतो. बिलांतून ॲडव्हान्स जसा वळता होईल तशी गॅरंटीची रक्कमही उतरेल, असं कलम मसुद्यात घालून घ्या. ते राहून गेलं की फिटलेल्या रकमेवरही कमिशन भरत बसावं लागतं.

काम देणाऱ्या सरकारी खात्याकडून अटींप्रमाणे मागणी आली की तुमचा वाद काय आहे ते बँक बघत नाही, पैसे देते. उघड फसवणूक किंवा भरून न येणारं नुकसान, एवढ्यावरच न्यायालय सहसा स्थगिती देतं. मुदत संपत आली की त्या सरकारी खात्याचं पत्र येतं: ‘मुदत वाढवा, नाहीतर रक्कम द्या’. तेव्हा धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी मुदतवाढीचा अर्ज टाका. बँकेने दिलेली रक्कम तुमच्या नावे कर्ज होते. ती वेगळ्या खात्यात ठेवली तरी एनपीए (थकीत कर्ज) ठरवताना मुख्य खात्यातच धरतात. काम संपलं की मूळ गॅरंटी परत आणून द्या, त्याशिवाय मार्जिन सहजी सुटत नाही.

बँकेच्या बाजूने सगळ्यात घातक चूक म्हणजे दिलेला शब्द नोंदवलाच न जाणं. 2018 मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेचा घोटाळा उघड झाला, तो असाच: हमीपत्रांचे (लेटर ऑफ अंडरटेकिंग) संदेश स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशयंत्रणेवरून गेले, कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीत, नोंद नव्हती. त्याच वर्षी 13 मार्चला रिझर्व्ह बँकेने आयातीसाठीची ती हमीपत्रं बंद केली.

प्रश्न : आमची खेळत्या भांडवलाची मर्यादा 200 कोटींची आहे. त्यातले कॅश क्रेडिटचे (लागेल तसे उचलायचे कर्ज) 30 कोटी वापरलेच नाहीत, तरी बँक त्यावर कमिटमेंट चार्ज (न वापरलेल्या मर्यादेवरचं शुल्क) लावते. हे योग्य आहे का? (लेखापाल, पुणे)

उत्तर : आमच्या मते योग्य आहे. कंपनी अडचणीत आली की पहिल्यांदा हीच शिल्लक मर्यादा उचलली जाते. एरवी बँकेला हवी तेव्हा रद्द करता येणारी मर्यादा भांडवलाच्या हिशेबात शून्य धरली जायची. 1 एप्रिल 2019 पासून खेळत्या भांडवलाची मर्यादा 150 कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या कर्जदारांची न उचललेली कॅश क्रेडिट 20 टक्के धरावी लागते, रद्द करण्याचं कलम असलं तरी. तुमच्या 30 कोटींचे झाले 6 कोटी. वरच्याच दराने भांडवल 69 लाख. बँकेला देता ते स्टॉक स्टेटमेंट (मालसाठ्याचा तक्ता) पाहा. ड्रॉइंग पॉवर (त्यावरून ठरणारी, प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) वर्षभर मर्यादेच्या बरीच खाली राहत असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी मर्यादाच कमी करून घ्या.