दाढी राखायचीय? मग पहिला महिना हात आवरा

श्रावण सरला की आमच्याकडे दाढीविषयीची पत्रे वाढतात. महिनाभर वस्तरा लावलेला नसतो, आरशात वेगळाच चेहरा दिसतो आणि वाटते, ठेवावी का? या वेळी अशा पत्रांसोबत थोडी वेगळी पत्रेही घेतली आहेत.

श्रावणात दाढी केली नाही आणि आता ती ठेवायची इच्छा आहे. वय २४. हनुवटीवर दाट आहे, गालांवर विरळ. घरचे म्हणतात, आजारी दिसतोस. कोरून घेऊ की पुन्हा सफाचट करू? – एक वाचक, सांगली

दोन्ही नको. अजून किमान दोन आठवडे लांबीला हात लावू नका.

दाढीचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, पण सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही वाढीच्या टप्प्यात असतात, काही विश्रांतीत. शिवाय मिशी आणि हनुवटी पुढे धावतात, गाल मागे राहतात. त्यामुळे चौथ्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येकाची दाढी ठिगळे लावल्यासारखी दिसते आणि बहुतेक जण नेमके याच आठवड्यात हार मानतात. केस दीड सेंटिमीटरच्या आसपास गेले की ते उभे न राहता आडवे पडू लागतात आणि शेजारची विरळ जागा झाकतात. आपली दाढी कशी आहे, याचा निवाडा सहा आठवडे झाल्यावरच करा. चोविसाव्या वर्षी गाल विरळ असणे अगदी नेहमीचे आहे. पुष्कळांचे ते तिशीपर्यंत भरत जातात.

मात्र घरच्यांना जे आजारपण दिसते आहे, ते बहुधा मानेवरच्या केसांमुळे. मानेची रेषा आखली की तीच दाढी ‘वाढलेली’ न दिसता ‘ठेवलेली’ दिसते. हे काम नीट समजून घ्या, कारण नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

आरशासमोर मान सरळ ठेवा, हनुवटी वर उचलू नका. कंठमण्याच्या लगेच वरच्या बाजूला दोन बोटे आडवी ठेवा. वरच्या बोटाची वरची कड जिथे येते, तो रेषेचा सर्वात खालचा बिंदू. तिथे भुवयांच्या पेन्सिलीने खूण करा. आता एका कानाच्या पाळीमागून निघून, जबड्याच्या कोपऱ्याखालून वळत, या खुणेतून दुसऱ्या कानापर्यंत जाणारी उथळ वाटीसारखी रेषा मनात आखा. ट्रिमरची टोपी (केसांची लांबी ठरवणारा कंगवा) काढून मधल्या खुणेपासून सुरुवात करा आणि रेषेखालचे केस काढत आधी एका कानाकडे, मग दुसऱ्या कानाकडे जा. उरलेल्या खुंटांवर रेझर फिरवायचा असेल तर आधी बोट फिरवून पाहा. ज्या दिशेने गुळगुळीत लागते ती सुलट. मानेच्या दोन्ही बाजूंना पुष्कळांचा भोवरा असतो, तिथे दिशा बदलते. रेझर सुलटच फिरवा, तोही एकदाच. उलटा फिरवला की केस कातडीच्या खाली कापला जातो, वाढताना आत वळतो आणि तिथे पुटकुळी येते. शेवटी ओली तुरटी फिरवून मिनिटाभराने गार पाण्याने धुऊन टाका.

चूक कोणती होते? रेषा थेट जबड्याच्या हाडावर आखली जाते. हनुवटी वर करून कापले की कातडी ताणलेली असते आणि मान सरळ केल्यावर रेषा भलतीच वर आलेली दिसते. बोलताना, हसताना जबड्याखालचा उघडा पट्टा डोळ्यांत भरतो, चेहरा फुगीर वाटतो आणि दाढी चिकटवल्यासारखी दिसते. असे झाले असेल तर दुरुस्ती एकच: दोन आठवडे थांबा, अर्धा सेंटिमीटर केस येऊ द्या आणि रेषा नव्याने आखा. गालांवरची रेषा मात्र आत्ता आखूच नका. अगदी वर डोळ्यांकडे भरकटलेले चार केस तेवढे काढा.

तिसरा आठवडा चालू आहे आणि खाजेने झोप लागत नाही. अंगाच्या साबणाने रोज दोनदा धुतो, रात्री खोबरेल तेल चोपडतो. आता कोंडाही दिसतो आहे. – एक वाचक, परभणी

तुम्ही लिहिलेल्या खाजेची तीन कारणे असू शकतात आणि तिन्हींचे उपाय वेगवेगळे आहेत.

पहिले अगदी साधे. न कापलेल्या केसाचे टोक निमुळते आणि मऊ असते. ब्लेडने कापलेल्या केसाचे टोक तिरके आणि धारदार होते. केस तीन-चार मिलिमीटरचा झाला, किंचित वाकला, की ते टोक शेजारच्या कातडीला टोचत राहते. लांबी वाढली की टोक कातडीपासून दूर जाते आणि खाज आपोआप कमी होते. यासाठी दाढी काढणे म्हणजे पुन्हा सगळ्यांची टोके धारदार करून पहिल्या दिवसावर येणे.

अंगाचा साबण ताबडतोब बंद करा. तो चेहऱ्याचे तेल ओरबाडून काढतो. त्यातून पाणी बोअरचे, क्षारांचे असेल तर साबण आणि क्षार मिळून चिकट पांढरा थर केसांच्या मुळाशी बसतो, तोही कोंड्यासारखाच दिसतो. रोज नुसत्या कोमट पाण्याने आणि एक दिवसाआड सौम्य शाम्पूने धुवा. शेवटचा तांब्या पिण्याच्या पाण्याचा घ्या. फरक आठवड्यात कळेल. मग टॉवेलने टिपून, दाढी दमट असतानाच तेलाचे तीन-चार थेंब तळहातावर चोळून, बोटांच्या टोकांनी आधी कातडीला आणि उरलेले केसांना लावा. एवढ्या दाढीला तीन-चार थेंब पुरतात. बदाम किंवा जोजोबा चालेल. मुरुमांची कातडी असेल तर खोबरेल टाळा, ते छिद्रे बुजवते. मोहरीचे तेल चेहऱ्याला झोंबते, ते नकोच.

दुसरे कारण म्हणजे खरा कोंडा. खवले पिवळसर, तेलकट असतील, खाली लाली असेल आणि तसेच नाकाच्या कडांना, भुवयांतही दिसत असेल, तर तिथे मॅलासेझिया नावाची बुरशी वाढली आहे. ती सगळ्यांच्याच कातडीवर असते आणि तेलावर पोसते, म्हणून रात्रीचे तेल तिला खाऊच ठरते. तेल थांबवा. औषधाच्या दुकानात २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा, ओल्या दाढीत थेट कातडीपर्यंत चोळायचा, पाच मिनिटे ठेवायचा आणि धुवायचा. चार आठवडे हे करा. त्याने थांबले नाही तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

तिसरे कारण नायटा. गोल चट्टा, कडेला उठाव, दिवसागणिक पसरणारा. इथे आमची कळकळीची विनंती आहे: दुकानातून खाज-खरजेची मिश्र मलमाची ट्यूब आणून लावू नका. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि आत बुरशी मोकाट पसरते. मग चट्ट्याचे रूप इतके बदलते की डॉक्टरांनाही ओळखायला वेळ लागतो. नायट्याची शंका आली की सरळ डॉक्टरांकडे जा.

मुलगा १८ वर्षांचा आहे. गालांवर नुसती लव आहे. मित्रांचे पाहून त्याने मिनॉक्सिडिल मागवले आहे. वडील म्हणतात, रोज वस्तरा मार, आपोआप दाट येईल. कोणाचे खरे? – एक आई, अहिल्यानगर

ताई, आधी वडिलांच्या सल्ल्याचे बोलू: तो खरा नाही. वस्तरा कातडीवर फिरतो आणि केसाचे मूळ कातडीच्या आत असते. वर काय कापले गेले हे मुळाला कळत नाही. अमेरिकेत शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ सालीच दाढीचे केस मोजून दाखवले होते की वस्तऱ्याने ते ना जाड होतात ना भरभर वाढतात. कापलेले टोक निमुळते राहत नसल्यामुळे हाताला राठ लागते, म्हणून तसा समज होतो.

मिनॉक्सिडिल हे खरे औषध आहे, पण त्याची मान्यता डोक्याच्या केसांसाठी आहे. दाढीसाठी ते मान्यतेबाहेरच वापरले जाते. २०१६ साली थायलंडमधील एका अभ्यासात ३ टक्क्यांचे द्रावण सोळा आठवडे लावलेल्या पुरुषांची दाढी, नुसते औषधाविना द्रावण लावलेल्यांपेक्षा अधिक भरली. म्हणजे ते निरुपयोगी नाही. पण अठराव्या वर्षी गालांवर लव असणे हा आजारच नाही. तीच लव पुढच्या काही वर्षांत राठ केसांत बदलत जाते. हे होण्याआधी औषध सुरू केले तर आपोआप किती आले असते, हे कधीच कळणार नाही. कातडी कोरडी पडून सोलवटणे, खाज, काहींना छातीत धडधड, चक्कर किंवा चेहऱ्यावर सूज हे त्रास होतात. त्याला सांगा, बाटली बाजूला ठेव आणि पंचविशीनंतरही वाटले तर डॉक्टरांना विचार. घरात मांजर असेल तर बाटली तिच्या वाटेला चुकूनही जाऊ देऊ नका. उशीवर लागलेले औषध चाटूनसुद्धा मांजरे दगावू शकतात.

बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणल्या असतील तर त्याही नकोत. शरीरात कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग नाही, उलट थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे त्यांनी चुकू शकतात.

एक वेगळी गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आलेल्या दाढीत अचानक नाण्याएवढा गुळगुळीत गोल पडला तर ती चाई. आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते म्हणून ती पडते, कुठला किडा केस खात नाही. तिथे लसूण किंवा कांदा घासला तर कातडी भाजू शकते. त्वचारोगतज्ज्ञ त्यावर चांगले उपचार करतात.

पहिलाच ट्रिमर घेतला आणि पहिल्याच दिवशी एका बाजूला खड्डा पडला. किती नंबर लावायचा? – एक वाचक, ठाणे

खड्डा बहुधा दोन कारणांनी पडतो: दाढी ओली होती, किंवा नंबर लहान होता. ओला केस लांब आणि सपाट दिसतो, वाळला की आखडतो. म्हणून दाढी धुऊन, पूर्ण वाळवून, आधी वाढीच्या दिशेने आणि मग उलट विंचरून घ्या. काही ट्रिमरवरचा आकडा मिलिमीटरचा असतो, काहींवर नुसता अनुक्रमांक. माहितीपत्रक वाचा आणि पहिली चाचणी हनुवटीखाली, दिसणार नाही अशा जागी घ्या.

सर्वात मोठ्या टोपीने सुरुवात करून एकेक पायरी उतरा. सहा-सात आठवड्यांच्या दाढीसाठी हनुवटीवर १२ मिलिमीटर, गालांवर ९ आणि कल्ल्यांपाशी ५ ते ६ ही मापे शोभतात. एवढे थांबूनही गाल विरळच दिसत असतील तर तिथे ६ ठेवा. आखूड केसांत विरळपणा कमी जाणवतो. मिशी खाली विंचरून, तोंड मिटून, ओठाच्या कडेवर आलेले केस छोट्या कात्रीने मधून बाहेर कापत जा. ट्रिमरने मिशी करायला जाल तर पुन्हा खड्डा. आताचा खड्डा तीन आठवड्यांत भरेल. तोवर दुसरी बाजू त्याच्या मापाने कापत बसू नका, त्यातूनच पुष्कळांची दाढी पूर्ण जाते.

सलूनमध्ये जाणार असाल तर बसण्याआधी तीन गोष्टी सांगा: गळ्याची लाइन खाली ठेवा, गालावर कोरू नका, ब्लेड माझ्यासमोर मोडा. वस्तऱ्यात अर्धे ब्लेड लागते आणि त्याचा दुसरा अर्धा भाग आधीच कुणावर वापरलेला नाही ना, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. रक्तातून पसरणारी बी आणि सी कावीळ अशा ब्लेडने लागू शकते.

केमिकल कारखान्यात आहे. आम्हाला नाकातोंडावर बसणारा काडतुसांचा (विषारी वायू गाळणाऱ्या डब्यांचा) मास्क लावावा लागतो. थोडी दाढी चालेल ना? – एक वाचक, महाड

नाही. मास्कची रबरी कड कातडीला जिथे टेकते तिथे दोन-तीन दिवसांचे खुंटही चालत नाहीत. प्रत्येक खुंटाशेजारून फट राहते आणि वायू काडतूस टाळून आत येतो. पट्टे जास्त आवळून ती फट बुजत नाही. मिशी ठेवा, पण ती कडेच्या आत राहील आणि झडपेत अडकणार नाही एवढीच. ती ठेवल्यावर सुरक्षा विभागाकडून मास्कची फिट-चाचणी (तो चेहऱ्यावर घट्ट बसतो का, ही तपासणी) पुन्हा करून घ्या.

दाढीत पांढरे केस आले. काळी मेहंदी लावली तर दुसऱ्या दिवशी डोळे सुजले. नैसर्गिक मेहंदीने असे कसे? – एक वाचक, सोलापूर

मेहंदीचा रंग तांबूस असतो. अर्ध्या तासात काळाकुळीत रंग येतो तो बहुधा पॅराफेनिलिनडायअमाइन या रसायनाने, आणि तुम्हाला त्याचीच ॲलर्जी असावी. ‘अमोनियारहित’ लिहिलेल्या रंगातही ते असू शकते. ही ॲलर्जी जात नाही. पुढच्या वेळी सूज याहून जास्त येऊ शकते, म्हणून तो रंग पुन्हा लावू नका. सूज अजून असेल तर डॉक्टरांना दाखवा, श्वासाला त्रास झाला तर तडक रुग्णालय गाठा. खोका फेकू नका, त्यावरची घटकांची यादी डॉक्टरांना दाखवा. रंगवायचेच असेल तर चाचणीशिवाय कोणताही रंग चेहऱ्यावर नको: कानामागे रुपयाएवढा ठिपका लावायचा आणि ४८ तास थांबायचे.