कार्ड बदलण्याआधी व्हीएम तपासा

प्रश्न: आमच्या ऑफिसात एकच सर्व्हर आहे, त्यावर प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) आणि सहा व्हीएम, म्हणजे तसे आभासी कॉम्प्युटर. चार पोर्टच्या नेटवर्क कार्डचं एक पोर्ट सारखं चालू-बंद होतंय म्हणून शनिवारी इंजिनिअर नवीन कार्ड टाकायला येतोय. तो म्हणतो सर्व्हर बंद करून ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे. एवढं पुरेल ना?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: नाही पुरणार. स्क्रू काढून कार्ड बसवायला अर्धा तास लागतो हे खरंय, पण सर्व्हर परत चालू केल्यावर जे निस्तरावं लागतं त्याचं काय?

आधी ते कार्ड कुणाच्या ताब्यात आहे ते शोधा. होस्टच (म्हणजे खुद्द सर्व्हर) वापरतोय आणि त्याच्या ब्रिजवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सामायिक स्विचवर, सगळ्या व्हीएम बसल्यात, की पासथ्रू करून, म्हणजे होस्टला बाजूला ठेवून, थेट एकाच व्हीएमला दिलंय? प्रत्येक व्हीएमच्या हार्डवेअर टॅबमध्ये 'पीसीआय डिव्हाइस' अशी ओळ आहे का बघा, आणि बंद ठेवलेल्या व्हीएम पण उघडून बघा, कारण त्यांच्यातही तेच कार्ड लिहिलेलं असू शकतं आणि तिकडे कुणी बघतच नाही. छोट्या ऑफिसात असं कार्ड अनेकदा पीएफसेन्स फायरवॉलच्या (इंटरनेट आणि ऑफिसच्या मधे बसणाऱ्या राखणदार सॉफ्टवेअरच्या) व्हीएमला दिलेलं असतं. तसं असेल तर ती बंद झाली की इंटरनेट, व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) आणि डीएचसीपी (कॉम्प्युटरना आपोआप आयपी पत्ता देणारी सेवा) तिथूनच मिळत असेल तर तेही, सगळं एकदम जातं. त्यामुळे घरून व्हीपीएनवर बसून हे काम करू नका, सर्व्हरला मॉनिटर-कीबोर्ड लावून समोर बसा.

कार्ड त्याच स्लॉटमध्ये जायला हवं. मी एकदा एका ठिकाणी शेजारचा स्लॉट सोयीचा वाटला म्हणून त्यात टाकलं, बस नंबर (स्लॉटनुसार मिळणारा कार्डचा पत्ता) बदलला, त्यावरून पडलेलं पोर्टचं नाव ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० झालं, ब्रिज मात्र जुनंच नाव शोधत बसला आणि होस्ट नेटवर्कवर आलाच नाही. काळ्या स्क्रीनवर इंटरफेसेसची फाइल (जिच्यात नेटवर्कची सेटिंग असते) हाताने दुरुस्त केली तेव्हा कुठे प्रॉक्समॉक्सचं लॉगिन पेज उघडलं.

पासथ्रूमध्ये तर हे जास्त धोक्याचं, कारण व्हीएमच्या सेटिंगमध्ये कार्डचा पत्ता लिहिलेला असतो आणि त्या पत्त्यावर आता डिस्क कंट्रोलर (डिस्क ज्याला जोडलेल्या असतात तो भाग) आला असेल तर व्हीएम सुरू होताच होस्टच्या डिस्क गायब होतात. म्हणून त्या व्हीएमचं 'स्टार्ट ॲट बूट' (सर्व्हरबरोबर आपोआप सुरू होण्याची सेटिंग) आधीच काढून टाका, पत्ता जुळवून बघा, मगच हाताने सुरू करा.

बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या मशीनवर ठेवा. कुठली केबल कुठल्या पोर्टात आहे त्याचे फोटो काढा. पॉवरच्या दोन्ही केबल उपसायला लावा, नुसतं शटडाऊन केल्यावर बोर्डवर स्टँडबाय करंट राहतो.

आणि नवीन कार्ड म्हणजे नवा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक. तुमच्या इंटरनेटवाल्याने जुना मॅक बांधून ठेवला असेल तर सगळं बरोबर करूनही लाइन येणार नाही, आणि शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन लागेलच असं नाही, तर शुक्रवारीच बोलून ठेवा.