व्हॉल्व्ह अ‍ॅम्प मूळ रूपात ठेवायचाय? मग आधी प्लग लावू नका

तुम्ही लिहिलंय, की मामांचा 1965 च्या सुमाराचा, फेंडर या अमेरिकन कंपनीचा, व्हॉल्व्हवर (काचेच्या नळ्यांवर) चालणारा गिटार अ‍ॅम्प अमळनेरच्या घरी अडगळीत सापडला आणि काही न बदलता तो चालू करायचाय. मी जळगावला जुने रेडिओ आणि अ‍ॅम्प दुरुस्त करतो. ‘वाजतो का बघू’ म्हणून प्लग लावू नका, एवढं आधी ऐका.

मागची पाटी वाचा. त्यावर 117 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230 वर पॉवर ट्रान्सफॉर्मर जळेल, आणि मूळ ट्रान्सफॉर्मर परत मिळत नाही. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच, पण त्यातून अर्थची वायर पुढे जाते ना, ते तपासून घ्या. बाजारातल्या बऱ्याच स्टेप-डाउनला दोनच पिनचं सॉकेट असतं.

त्या काळच्या अ‍ॅम्पला दोन पिनांची वायर आणि सप्लायपासून चासीपर्यंत (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत) एक छोटा कंडेन्सर (चार्ज साठवणारा पार्ट) असे. तो शॉर्ट झाला तर अख्खी चासी, म्हणजे गिटारच्या तारासुद्धा, करंट मारतात. तो काढायचा आणि तीन पिनांची वायर टाकायची. इथे मूळपणाचा हट्ट नकोच. घरचं अर्थिंगही बघा. आपली काळी जमीन मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालत जा.

फिल्टर कंडेन्सर (सप्लाय सपाट करणारे) बहुतेकदा चासीबाहेर पत्र्याच्या झाकणाखाली असतात. अ‍ॅम्प बंद असला तरी त्यांत 400 व्होल्टच्या आसपास चार्ज उरू शकतो, आणि तो जीव घेऊ शकतो. प्लग काढून, रेझिस्टन्समधून डिस्चार्ज करून, मल्टिमीटरवर शून्य दिसल्याशिवाय आत बोट घालू नका. हे काम व्हॉल्व्हची सवय असलेल्या मेकॅनिककडूनच करून घ्या. पन्नास-साठ वर्षांत, त्यातही खानदेशच्या उन्हाळ्यात, हे कंडेन्सर आतून सुकलेले असतात. ते बदलायचेच. कपलिंगचे (सिग्नल एका टप्प्यातून पुढच्यात नेणारे) कंडेन्सर मात्र सरसकट उपटू देऊ नका. डीसी गळत असेल तोच बदलायचा, कारण गळक्यामुळे आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. रेझिस्टन्सचंही तेच: ओहममधली किंमत फार सरकली असेल किंवा खरखर येत असेल, तरच हात लावायचा.

पहिल्यांदा करंट देताना 230 च्या बाजूला सिरीजमध्ये 100 वॅटचा जुना पिवळा, फिलामेंटचा बल्ब लावा. तो क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भक्क पेटून राहिला तर शॉर्ट आहे, लगेच बंद करा. स्पीकर जोडलेला हवाच. तो नसताना वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचा कागद, कापड, नॉब यांना हात लावू नका. धूळ मऊ ब्रशने झटका. पॉटच्या (नॉबमागच्या व्हॉल्यूम-टोन कंट्रोलच्या) पाठीवर 137 6512 असा आकडा दिसला, तर पॉट सीटीएस कंपनीचा, 1965 च्या 12 व्या आठवड्यातला. असे आकडे आणि जुने सोल्डर यांवरूनच जाणकार अ‍ॅम्प ओळखतो, म्हणून पॉट बदलण्याआधी क्लीनर मारून बघा. निघालेला प्रत्येक पार्ट, वायरसकट, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा.

मागच्या पाटीचा आणि आतल्या वायरिंगचा फोटो टाका. कुठले कंडेन्सर लागतील, ते बघून सांगतो.