जोडून आलेल्या सुट्टीआधी

सातारा,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. 26 जानेवारी सोमवारी येतेय, शनिवार-रविवार जोडून मिळतायत, म्हणून तू तीन दिवसांचा बेत आखलास. शनिवारी पुण्याहून सायकलने साताऱ्याला, रविवारी यवतेश्वरचा घाट पळत चढायचा, सोमवारी सकाळी प्रजासत्ताक दिनाची 10 किलोमीटरची शर्यत आणि दुपारी जेवून सायकलनेच परत. हे सगळं उत्साहाने लिहून झाल्यावर अगदी खाली एक ओळ होती, 'बाई, उजव्या नडगीत जरा दुखतंय.' मी उत्तर त्या ओळीला देते आहे. बाकीचं त्यामागून येईल.

आज संध्याकाळी पाय उघडा करून बस. नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा घोट्यापासून वर फिरव. दुखणं चार-पाच बोटं लांबीभर पसरलेलं असेल, पळायला लागल्यावर थोडं कमी होत असेल, तर स्नायू हाडाला जिथे चिकटतात तिथली ती तक्रार आहे. दोन-तीन आठवडे पळणं कमी केलंस की बहुधा शमेल. पण एकाच जागी, एका बोटाखाली मावेल एवढ्या ठिकाणी कळ उठत असेल, रात्री अंथरुणातही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद कर आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर पडायला लागलेली असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती पुष्कळदा दिसत नाही, म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आहे' एवढ्यावर समाधान मानू नकोस. पळायला लागल्यापासून अंतर किती वाढवलंस, तेही डॉक्टरांना सांग.

हे का झालं असेल ते तुझ्याच मेसेजमध्ये आहे. सोमवार ते शुक्रवार तू नऊ-दहा तास खुर्चीत असतेस आणि रविवारी ग्रुपबरोबर 18 किलोमीटर पळतेस. दम लवकर वाढतो गं. महिन्या-दीड महिन्यात छाती म्हणते, अजून चल. हाडं आणि स्नायुबंध त्या चालीने येत नाहीत, त्यांना कित्येक महिने लागतात. दम आहे म्हणून पाय तयार झालेत असं वाटतं, आणि नेमकं तिथेच आपल्यासारखी हौशी माणसं अडकतात.

मीही अडकले होते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 मध्ये सुरू झाली. पुढच्या एका वर्षी मी नाव घातलं तेव्हा चाळिशी जवळ आली होती. शाळा, पेपर तपासणं, घर यांतून मला फक्त रविवार मिळायचा, म्हणून मी फक्त रविवारी पळायचे. चढ छान गेला. यवतेश्वरच्या वळणांवर धुकं होतं, रस्त्याकडेला पाणी वाहत होतं, आणि माझ्या वर्गातली चार मुलं एका वळणावर उभी राहून ओरडत होती. भूगोल शिकवणाऱ्या मला घाटाचा चढच तेवढा दिसला होता, उताराचा विचारच केला नव्हता. उतरताना मांडीचा स्नायू प्रत्येक पावलाला ताणला जात असतानाच शरीर आवरून धरत असतो, म्हणून उतार त्याला चढापेक्षा जास्त मोडतो. परतीच्या वाटेवर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी खुपसल्यासारखी कळ आली. शेवटचे सहा किलोमीटर मी चालत आले. त्यानंतर तीन महिने शाळेचा जिना कठड्याला धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरायचे. मुलं वाट देऊन बाजूला उभी राहायची. त्यांनी काही विचारलं नाही, पण मला त्याचंच वाईट वाटायचं.

फिजिओथेरपिस्टने गुडघ्याला फारसा हातच लावला नाही. एका पायावर उभं राहायला सांगितलं, तर माझं कंबरडं दुसऱ्या बाजूला खाली झुकलं. 'हे बाजूचे स्नायू दुबळे आहेत, म्हणून गुडघा रडतोय,' ते म्हणाले. तेव्हापासून दूध तापेपर्यंत मी ओट्यापाशी एका पायावर उभी असते. मग दुसऱ्या. रात्री कुशीवर झोपून वरचा पाय पंधरा वेळा उचलायचा, तीन फेऱ्या. एवढ्यानेच गुडघा बरा झाला असं मी म्हणणार नाही, आठवड्याची घडीही बदलली होती. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे चाळीस-चाळीस मिनिटं. रविवारी थोडं जास्त. बस्स. रविवार तसाच राहिला, फक्त सगळा भार त्याच्या एकट्याच्या पाठीवरून उतरला. तुझी नडगी बरी झाली की तूही असंच कर, आणि पहिला महिना रविवारी 10 किलोमीटरच्या वर जाऊ नकोस, ग्रुप कितीही जावो.

वेगाचं विचारलं होतंस. तुझ्या मनगटावरचं घड्याळ चांगलं आहे, पण माझी एक जुनी कसोटी आहे. पळताना सतराचा पाढा मोठ्याने म्हण. सतरा पंचे पंच्याऐंशी म्हणताना मध्येच श्वास घ्यावा लागला, तर तो वेग रोजचा नाही. आठवड्यातलं बहुतेक पळणं पाढा नीट म्हणता येईल एवढं हळू असू दे. तुला लाज वाटेल, बाजूने लोक पुढे जातील. जाऊ दे. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, दहावी आली, तेव्हा आम्ही शाळेत मुलींना गोळा करून सांगितलं होतं. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती लागोपाठ तीनदा पहिली आली होती. तिच्यासारख्यांना पळून आल्यावर जेवायचं आणि झोपायचं असतं, ती विश्रांतीही सरावातच धरलेली असते. तू पळून आल्यावर आंघोळ करून कंपनीची बस पकडतेस. त्यांचं वेळापत्रक मोबाइलवर सापडलं म्हणून ते आपलं होत नाही.

आता बाईने बाईला सांगायचं ते सांगते. रक्त तपासून घे, हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही, शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो. पळणाऱ्या मुलींचं लोह नकळत खाली जातं आणि 'हल्ली दम लागतो' म्हणून त्या अजून जास्त पळतात. जेवणावर लगेच चहा पिऊ नकोस, जेवणातलं लोह अंगी लागायला तो आड येतो. तास-दीड तास जाऊ दे. पाळी पुढे ढकलली जायला लागली किंवा एखाद्या महिन्यात आलीच नाही, तर 'बरंच झालं' म्हणू नकोस. पोटात जातंय त्याहून खर्च जास्त होतोय, असा त्याचा अर्थ असू शकतो. असं उपाशी शरीर हाडांतूनही काढून घेतं, आणि तुझी नडगी दुखते आहे म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे. शर्यतीआधी काखेजवळ आणि ब्राच्या पट्टीखाली खोबरेल तेल चोळ. नाहीतर घामाने सोललेल्या जागेवर आंघोळीचं पहिलं पाणी पडलं की डोळ्यांत पाणी येतं.

सुट्टीच्या शर्यतीबद्दल आणखी एक. सुट्टी म्हटलं की घरात बायकांचं काम वाढतं. पाहुणे, पुरणपोळी, सगळं त्याच दिवशी. बॉस्टनची मॅरेथॉन 1897 पासून तिथल्या पेट्रियट्स डेच्या सुट्टीला होते. त्या सुट्टीच्या दिवशीही 1967 मध्ये कॅथरीन स्विट्झर 261 नंबर लावून धावताना एक अधिकारी तिच्या अंगावरचा नंबर ओढायला धावला होता. बायकांना तिथे रीतसर प्रवेश मिळाला 1972 मध्ये. माझ्या अंगावर कुणी धावून आलं नाही. पण पहिली काही वर्षं मी दिवाळीच्या पाडव्याला चार वाजता उठून, स्वयंपाकाची तयारी करून मग पळायला जायचे, जणू परवानगी आधी कमवायची होती. नंतर एकदा सासूबाईच म्हणाल्या, 'तू जा, कणीक मी मळते.' परत आले तेव्हा त्यांनी बंबात पाणी तापवून ठेवलं होतं. तुझं लग्न व्हायचंय, घर मांडायचंय. तेव्हा तुझ्या पळण्याची वेळ पहिल्या दिवसापासून घराच्या वेळापत्रकात लिहिलेली असू दे, उरलेल्या वेळात ढकलू नकोस.

26 जानेवारीला मी कित्येक वर्षं शर्यत पळून थेट शाळेत झेंडावंदनाला गेले आहे. पांढरी साडी, ओले केस आणि पायात तेच बूट, कारण चपला पिशवीतून काढायला वेळ नसायचा. राष्ट्रगीताला स्तब्ध उभं राहिलं की पोटऱ्या आतून धडधडायच्या. सगळ्या रांगेत ते फक्त मला ठाऊक असायचं. मला आजही त्यासारखी दुसरी सकाळ नाही.

आता सायकल. पुणे-सातारा साधारण 110 किलोमीटर, रस्ता तुझ्या ओळखीचा आहे, पण बसच्या खिडकीतून. जोडून सुट्टी आली की त्या महामार्गावर महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रीघ लागते आणि ती सुरूर फाट्यापर्यंत तुझ्या सोबत असते. म्हणून पहाटे पाचला निघ. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, अंगावर चमकणारं जाकीट, हेल्मेट. सीटची उंची आधीच तपासून ठेव, म्हणजे पेडल खाली असताना टाच टेकवली तर पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली असली की गुडघ्याचा पुढचा भाग दुखायला लागतो. शिरवळला नीरा ओलांडलीस की आपल्या जिल्ह्यात आलीस. तिथे दहा मिनिटं थांब आणि भूक नसली तरी खा, कारण पुढे खंडाळ्यानंतर खंबाटकी आहे. घाटाच्या तोंडाशी, चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाक. पेडलवर जोर पडल्यावर गिअर बदलायला गेलीस तर चेन करकरते, कधी उतरतेही. वर पोचल्यावर जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढ, आणि उतारावर ब्रेक धरून ठेवू नकोस. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. वळणाच्या आधी वेग कमी झालेला हवा, वळणात नव्हे.

थांबण्याबद्दल मी जरा जास्त बोलते, त्याला कारण आहे. पहिल्यांदा 200 किलोमीटरची बीआरएम, म्हणजे वाटेतल्या थांब्यांवर कार्डावर सही घेत मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केली तेव्हा साडेतेरा तासांची मुदत होती. मनात हिशेब मांडला, ताशी 20 ने दहा तास, साडेतीन तास हातात. मग मिसळ निवांत खाल्ली. चहा दोनदा. एका झाडाखाली बूट काढून बसले, फोटो काढले. दुपारी समोरून वारा सुटला आणि वेग ताशी 14 वर आला. मी वीस मिनिटं उशिरा पोचले. बीआरएममध्ये पहिला-दुसरा नंबर नसतो, मुदतीत पोचणं एवढंच असतं, आणि मी पोचले नव्हते. स्वयंसेवक मुलाने माझं कार्ड हातात घेतलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, 'काकू, चहा घ्या.' पुढच्या वेळी प्रत्येक थांब्यावर काय करायचं ते कागदावर लिहून हँडलला चिकटवलं होतं. पाणी भर, खा, सही घे, निघ. दीड तास राखून पोचले. म्हणून सांगते, तहान लागेल तसं पी, गटागट बाटल्या रिकाम्या करू नकोस. घामाबरोबर मीठ जातं आणि नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. बाटलीत चिमूटभर मीठ, साखर, लिंबू असू दे.

आता तुझ्या बेताचं. तिन्ही गोष्टी नाहीत, एकच. सायकलीत नडगीवर आपटणं नसतं, तेव्हा पाय साथ देत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर शनिवारी सायकलने ये. येत्या पाच रविवारांत 40, 50, 60, 80 असं वाढवत जा आणि निघण्याआधीचा रविवार हलका ठेव. यवतेश्वर या खेपेला पायी चालत चढू, मीही येईन. शर्यतीला नाव घातलं असशील, पैसे भरले असशील, ते जाऊ दे. सोमवारी माझ्याबरोबर झेंडावंदनाला ये, शाळेतल्या मुली तुला विचारून विचारून बेजार करतील. परतीला सायकल बसच्या डिकीत टाक, मंगळवारी तुला कामावर जायचं आहे.

शनिवारी शिरवळहून निघताना मला फोन कर. मी इथून सायकल काढते आणि भुईंजला कृष्णेच्या पुलापाशी तुझी वाट बघते. शेंगदाणे-गुळाचे लाडू आणते, तू फक्त तुझं पाणी आण. तिथून साताऱ्यापर्यंत सोबत येऊ. पुढे मी राहीन, म्हणजे तू घाई करणार नाहीस.

नडगी बघितलीस की आजच कळव.

तुझ्या बाई