ज्यू माणूस पाहिला नाही, मग त्याचा राग कुठून आला?

मागच्या अंकात एक छोटी चौकट दिली होती, की १०३ देशांत झालेल्या सर्व्हेत ४६ टक्के प्रौढ माणसांच्या मनात ज्यूंबद्दल बऱ्यापैकी आकस सापडला. संपादकांना वाटत होतं आपल्याकडच्या वाचकाला हा विषय लांबचा वाटेल, पण पत्रं आली आणि चांगली आली. त्यातली पाच घेते.

ताई, ४६ टक्के म्हणजे जवळपास अर्धी दुनिया झाली. हे मोजलं कोणी न् कसं? मनातला राग असा मोजता येते का? मले तं हा आकडाच पटत नाही. (दारव्हा, जि. यवतमाळ)

मोजलं अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने. १९१३ पासूनची संस्था आहे, ज्यूंच्या बदनामीविरुद्ध लढायला निघालेली. त्यांचा पहिला जागतिक सर्व्हे २०१४ चा, १०२ ठिकाणी ५३,१०० लोकांना विचारलं, तेव्हा आकडा आला २६ टक्के. नवा जानेवारी २०२५ ला जाहीर झाला, ५८ हजारांवर लोक, आणि ४६ टक्के.

पद्धत अशी की माणसाला ११ विधानं वाचून दाखवायची. जगाच्या पैशाच्या बाजारावर ज्यूंची फार सत्ता आहे. जगातली बहुतेक युद्धं ज्यूंमुळे होतात. ज्यूंना आपल्या लोकांशिवाय कोणाचं काही पडलेलं नसतं. ते राहतात त्या देशापेक्षा इस्रायलशी जास्त एकनिष्ठ असतात. हिटलरच्या काळात त्यांच्यावर झालेल्या नरसंहाराबद्दल ते अजूनही फारच बोलतात. अशी. प्रत्येकाला माणसाने सांगायचं, बहुतेक खरं का बहुतेक खोटं. सहा किंवा जास्त विधानांना खरं म्हटलं की तो त्या टक्क्यात गेला.

ही सहाची रेघ म्हणजे आपली पैसेवारी समजा. ५० पैशांच्या आत गाव आलं तर दुष्काळी, ५१ आलं तर नाही, आणि ५१ वाल्या गावात कापूस काही जास्त पिकलेला नसतो हे तुम्हाला मी काय सांगू. तसंच पाच विधानांना हो म्हणणारा आकड्याच्या बाहेर आणि सहा विधानांना म्हणणारा आत, आणि "युद्धं ज्यूंमुळे होतात" याचं वजन तेवढंच जेवढं "नरसंहाराबद्दल फार बोलतात" याचं, हे मला पटत नाही.

दुसरी अडचण, अकराच्या अकरा विधानं एकाच दिशेची आहेत, हो म्हटलं की मार्क ज्यूंच्या विरोधात. सर्व्हेवाला दारात उभा राहिला की आपल्याकडे काय होतं बघा, बाई निंदणावरून आत्ताच आलेली, चूल पेटवायची आहे, लेकरू रडतंय, तो वाचत जातो आणि ती "हो हो, लिहून घ्या" म्हणत जाते, कारण नाही म्हटलं की तो काऊन म्हणून विचारणार. असा होकार जगभर मिळतो. १९५० ला अमेरिकेत समाजाचे अभ्यासक थिओडोर अडोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा पूर्वग्रह मोजायच्या पट्ट्या बनवल्या तेव्हापासून हा आक्षेप आहे, की सगळी विधानं एकाच बाजूची ठेवली तर द्वेष मोजला का होकाराची सवय, हे कळत नाही.

मला जास्त भरवशाचा वाटतो तो लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर ज्यूइश पॉलिसी रिसर्च या संस्थेचा २०१७ चा ब्रिटनमधला अभ्यास. त्यांनी एकच रेघ मारली नाही, पायऱ्या ठेवल्या. ठामपणे, एकामागून एक, बऱ्याच ज्यूविरोधी गोष्टी मानणारे निघाले २.४ टक्के. पण एखादी तरी तशी गोष्ट मनात असलेले निघाले ३० टक्के. म्हणजे कट्टर लोक थोडे, पण विचार मात्र त्यांच्या घरापुरता राहिलेला नाही, तो सगळीकडे थोडा थोडा झिरपलेला आहे, आणि ब्रिटनमधल्या ज्यू माणसाची रोजची भीती याच्यावरून जास्त समजते.

पण भाऊ, आकडा पटत नाही म्हणून गोष्टच खोटी असं करू नका. २०१८ ला युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्क संस्थेने १२ देशांतल्या १६ हजारांवर ज्यूंनाच विचारलं. ३८ टक्के म्हणाले, ज्यू म्हणून सुरक्षित वाटत नाही म्हणून देश सोडायचा विचार मनात येऊन गेला. ज्यांना गंभीर त्रास झाला त्यांतल्या ७९ टक्क्यांनी पोलिसांत किंवा कुठंही तक्रारच केली नव्हती. त्यामुळे पोलिसांच्या नोंदी मोजून जो आकडा निघतो तो खऱ्याच्या खूप खाली राहतो.

आमच्या संत्र्याच्या बागा इस्रायलच्या ठिबकवर उभ्या हायत. आमी त ज्यू लोकायले लय मानतो. मंग भारतात हे टक्के कुठून निघाले? इथं त कोणी ज्यू पाह्यला बी नाही. (वरूड, जि. अमरावती)

ठिबकचं बरोबर, १९६५ ला इस्रायलमधल्या हात्झेरिम किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या गावात, नेटाफिम ही ठिबकची कंपनी सुरू झाली आणि ती नळी आज तुमच्या बागेपर्यंत आली, नागपुरात तर लिंबूवर्गीय फळांसाठी भारत-इस्रायल केंद्र पण आहे. २०१४ च्या सर्व्हेत भारताचा आकडा २० टक्के होता. न पाहता मत कसं बनतं म्हणाल तर त्याच सर्व्हेत जगातले ७४ टक्के लोक म्हणाले की आम्ही आयुष्यात ज्यू माणूस भेटलेला नाही. आणि १८ टक्क्यांना वाटत होतं की जगातली दहा टक्क्यांहून जास्त माणसं ज्यू आहेत, म्हणजे ७० कोटींच्या वर. खरा आकडा दीड कोटीच्या थोडा वर. आपल्या विदर्भाच्या ११ जिल्ह्यांची लोकसंख्याच २०११ च्या जनगणनेत २ कोटी ३० लाख होती. जगातले सगळेच्या सगळे ज्यू आणून विदर्भात वसवले तरी जागा उरेल, आणि त्यांच्याबद्दल बोलणं कसं चालतं, जगाच्या सगळ्या बँका न् सगळी सरकारं त्यांच्या मुठीत.

आता जरा नाजूक बोलते, रागावू नका. "लय मानतो" म्हणणारा माणूस पुढे काय म्हणतो ते ऐका. "हुशार लोक, पैशाचे पक्के, एकमेकांले धरून राहतात, अख्खी अमेरिका चालवतात." हे कौतुकाने म्हटलेलं असतं, पण सर्व्हेवाल्याने हेच विचारलं तर हाच माणूस चार-पाच विधानांना खुशाल खरं म्हणून देईल आणि सहावं लागलं की टक्क्यात जाईल. म्हणून भारताच्या त्या २० टक्क्यांत खरा द्वेष किती आणि असं ऐकीव कौतुक किती, हे त्या प्रश्नांवरून वेगळं करता येत नाही. पण कौतुक आहे म्हणून सोडून द्यावं असंही मला वाटत नाही, कारण साचा तोच आहे. "ते पैसेवाले, ते सगळं चालवतात" हेच वाक्य युरोपात आधी कौतुकाने, मग हेव्याने आणि शेवटी आग लावायला वापरलं गेलं.

आणि "पाह्यला बी नाही" म्हणता तर रायगड जिल्ह्यात जाऊन या. बेने इस्रायल म्हणजे आपले कोकणातले ज्यू, हे लोक अलिबागकडे शतकानुशतकं राहिले, मराठी बोलले, तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. शेजाऱ्यांनी त्यांना तेलाच्या घाण्यावरून ओळखलं, जगाच्या बँकांवरून नाही. २०१६ ला महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा पण दिला.

अमेरिकेतल्या २० टक्के तरुण पोरांना ज्यूंचं हत्याकांड थोतांड वाटतं अशी पोस्ट फिरत आहे. खरं आहे का? आमच्या ग्रुपवर यावरून भांडण झालं. (राजुरा, जि. चंद्रपूर)

पोस्ट हवेतून आलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये इकॉनॉमिस्ट हे साप्ताहिक आणि यूगव्ह ही सर्व्हे कंपनी यांच्या अमेरिकेतल्या ऑनलाईन पोलमध्ये १८ ते २९ वयाच्या २० टक्क्यांनी "होलोकॉस्ट (ज्यूंचं हत्याकांड) हे मिथक आहे" याला होकार दिला होता, आणि जगभर बोंब झाली. मग प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्व्हे करणाऱ्या संस्थेने तोच प्रश्न आपल्या पॅनेलला, म्हणजे आधीच निवडून ठेवलेल्या लोकांना, विचारला. फरक असा की प्यू लोकांना पत्त्यांच्या यादीतून चिठ्ठी काढल्यासारखं निवडते, आणि ऑनलाईन पोलमध्ये ज्याला वाटलं तो येतो, बरेचदा दोन पैसे किंवा पॉईंट मिळतात म्हणून. प्यूला तरुणांत उत्तर आलं ३ टक्के.

असं का झालं ते बघण्यासारखं आहे. प्यूने आधी २०२२ ला अशाच स्वतःहून येणाऱ्या ऑनलाईन लोकांना विचारलं होतं की तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचं लायसन आहे का. ३० वर्षांच्या आतल्या १२ टक्क्यांनी सांगितलं, आहे! म्हणजे ती पोरं प्रश्न वाचत नव्हती, दिसेल तिथे हो दाबून पुढे जात होती. वर निंदणावरून आलेल्या बाईचं सांगितलं तेच, फक्त मोबाईलवर.

तेव्हा ग्रुपवर सांगा की २० टक्के हा आकडा टिकला नाही. आणि सोबत हेही सांगा की साठ लाख ज्यू मारले गेले याचे पुरावे खुद्द जर्मन कागदपत्रांत आहेत. ३ टक्के सुद्धा मला फार वाटतात, पण २० आणि ३ यात एवढं अंतर आहे की २० धरून "आजकालची पोरं" म्हणून एका पिढीला शिव्या घालणं अन्याय आहे.

गाझात लेकरं मरतात ते पाहवत नाही. मी शाळेत तसं बोललो तर एक सहकारी म्हणाले, हा ज्यूद्वेष आहे. इस्रायलवर टीका केली की माणूस ज्यूद्वेष्टा होतो का? (सेलू, जि. वर्धा)

नाही होत सर. सगळ्यात मोठा वाद याच्यावरच चालू आहे म्हणून जरा नीट सांगते.

आज बरीच सरकारं ज्यूद्वेषाची जी व्याख्या वापरतात ती इंटरनॅशनल होलोकॉस्ट रिमेंबरन्स अलायन्स या संस्थेने मे २०१६ मध्ये बुखारेस्टला स्वीकारली. तिच्यात ११ उदाहरणं आहेत आणि त्यातली ७ इस्रायलशी जोडलेली. त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिलंय की इतर कुठल्याही देशावर करतात तशी टीका इस्रायलवर केली तर तो ज्यूद्वेष नाही. तरी उदाहरणांची भाषा अशी आहे की वापरणाऱ्याने मनावर घेतलं तर बरीच टीका आत ओढता येते. ज्यांनी आधीचा मसुदा लिहिण्यात पुढाकार घेतला ते केनेथ स्टर्न, स्वतः ज्यू, तेच पुढे म्हणत राहिले की हे आकडेवारी गोळा करायला लिहिलं होतं, कॉलेजात कोणाचं तोंड बंद करायला नाही. मग मार्च २०२१ ला बऱ्याच अभ्यासकांनी ज्यूद्वेषाची वेगळी व्याख्या देणारं जेरुसलेम डिक्लरेशन काढलं. त्यात म्हटलंय, इस्रायलवर बहिष्काराची हाक देणं हे तेवढ्यावरून ज्यूद्वेष ठरत नाही.

याचा आकड्यांवर सरळ परिणाम होतो. अँटी-डिफेमेशन लीगने २०२४ साठी अमेरिकेत ९,३५४ ज्यूविरोधी घटना मोजल्या, आणि निम्म्याहून जास्त घटनांत इस्रायल किंवा झायोनिझमचा (ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र हवं म्हणणाऱ्या चळवळीचा) संदर्भ होता. त्यातली कुठली घोषणा राजकीय आणि कुठली माणसांविरुद्ध, हे ठरवायची पट्टी बदलली की एकूण बदलणार. टीकाकार हेच म्हणतात, आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण प्रार्थनास्थळाच्या भिंती रंगवणं, ज्यू पोराला गाठून मारणं हे कुठल्याही पट्टीने ज्यूद्वेषच राहतं.

तुम्ही तर वर्ध्याचे. २० नोव्हेंबर १९३८ ला, जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली त्याला दोन आठवडे पण झाले नव्हते, गांधीजींनी तुमच्या शेजारच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, बसून ज्यूंवर लेख लिहिला, तो हरिजनमध्ये छापून आला. त्यात ते म्हणतात माझी सगळी सहानुभूती ज्यूंकडे आहे, ख्रिस्ती जगाने त्यांना अस्पृश्यासारखं वागवलं. आणि त्याच लेखात म्हणतात, पॅलेस्टाईन अरबांचं आहे, तिथे ज्यूंना लादणं चूक. दोन्ही एका हाताने लिहिलं. त्यांचे जिवलग मित्र हर्मन कॅलनबाख ज्यू होते, सेगावात येऊन राहिलेले. त्या लेखात जर्मन ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला होता, त्यावर ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी १९३९ ला जेरुसलेमहून कडक उत्तर लिहिलं, आणि मला बुबर पटतात. वाद झाला, पण तो मुद्द्यावर झाला.

तुमच्या सहकाऱ्यांना म्हणा, मी सरकारवर बोललो, लष्करावर बोललो, ज्यू माणसावर नाही. आणि स्वतःही तेवढं पाळा. २६/११ ला मुंबईत नरिमन हाऊस या ज्यूंच्या केंद्रात रब्बी (ज्यू धर्मगुरू) गॅव्रिएल होल्ट्झबर्ग, त्यांची बायको रिव्का आणि आणखी चौघांना मारलं. हे नवराबायको येणाऱ्याजाणाऱ्या ज्यू प्रवाशांना जेवू घालत, पूजापाठ करत. इस्रायल सरकारचा हिशोब त्यांच्याकडून वसूल करणाऱ्यांना मी टीकाकार कधी म्हणणार नाही.

मी बीएला आहे. आपल्याकडे जातीबद्दल असं मन मोजता येईल का? कॉलेजचा प्रोजेक्ट करायचा आहे, आठ-दहा गावं घेऊ म्हणतो. (मेहकर, जि. बुलढाणा)

येईल, आणि ज्यूंच्या सर्व्हेपेक्षा चांगला नमुना आपल्याच देशात आहे. २०११-१२ च्या इंडिया ह्युमन डेव्हलपमेंट सर्व्हेत ४२ हजारांवर घरांना विचारलं होतं. आधी सरळ प्रश्न, घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? जे नाही म्हणाले त्यांना पुढचा प्रश्न, अनुसूचित जातीच्या माणसाने तुमच्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं किंवा भांडी वापरली तर चालेल का? तोंडाने नाही म्हणणारे काही जण इथे अडले. दोन्ही मिळून २७ टक्के घरं निघाली.

तुझ्या प्रोजेक्टसाठी सांगते. मत विचारू नको, वागणं विचार, लग्नात पंगत कशी बसते, विहिरीवर, चहाच्या कपावर. अर्धी विधानं उलट दिशेची ठेव, म्हणजे नुसता हो हो करणारा लगेच दिसेल. एकच रेघ मारून लोकांना आत-बाहेर करू नको, पायऱ्या ठेव. घरं तू निवडू नको, मतदार यादीतून चिठ्ठी काढ, नाहीतर ओळखीच्याच दारात जाशील. आणि प्रश्न विचारताना बाजूला सरपंच, सासू नाहीतर गावातला कोणी मोठा माणूस बसलेला नको, बाईला बाईनेच विचारलेलं बरं. प्रश्नावली तयार झाली की मला पाठव, गावात नेण्याआधी एकदा सोबत बघू.