म्युलर म्हणजे कोण? जर्मन आडनावांवरचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत जर्मन आडनावांविषयी बरीच पत्रं आली. जवळजवळ सगळी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली आणि निम्म्याहून अधिक पत्रांत एकच आडनाव, म्युलर. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे.

‘आमच्या मुलीचं लग्न जर्मनीतल्या म्युलर नावाच्या मुलाशी ठरलं आहे. आडनावाचा अर्थ काय? आणि हे घराणं मोठं आहे का? ओळखीतल्या दोघांनी आणखी दोन म्युलर सांगितले, ते यांचे भाऊबंद असतील का?’ (रत्नागिरी)

अर्थ सरळ आहे: गिरणीवाला. ओढ्याच्या पाण्यावर किंवा वाऱ्यावर चक्की चालवून दुसऱ्यांचं धान्य दळून देणारा. मूळ शब्द लॅटिन. ‘मोलिना’ म्हणजे गिरणी, ‘मोलिनारियुस’ म्हणजे ती चालवणारा. जुन्या जर्मनमध्ये त्याचा ‘मुलिनारी’ झाला आणि झिजत झिजत आजचा ‘म्युलर’ उरला.

घराणं मोठं आहे का, या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘घराणं नाहीच’ असं आहे. म्युलर हे जर्मनीतलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. त्याच्यामागे श्मिट (लोहार), श्नायडर (शिंपी), फिशर (मासेमार) आणि वेबर (विणकर) असा क्रम लागतो. गावोगावच्या गिरणीवाल्यांना ते वेगवेगळ्या वेळी, एकमेकांचा पत्ता नसताना मिळालं. मालवणातले सुतार आणि दापोलीतले सुतार एका कुळाचे असतीलच असं आपण धरत नाही, तसंच हे. तेव्हा ते दुसरे दोन म्युलर व्याह्यांचे भाऊबंद असण्याची शक्यता नगण्य समजा.

मग पहिला नंबर गिरणीवाल्याचाच का, लोहाराचा का नाही? याचं उत्तर बरंचसं जमीनदारीत आहे. जर्मन मुलखात अनेक ठिकाणी कुळांवर सक्ती असे, की दळण जमीनदाराने नेमून दिलेल्या गिरणीतच न्यायचं. दुसरीकडे नेलं तर दंड. प्रशिया या तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याने ही सक्ती १८१० मध्ये काढली. तोवर गिरणीवाल्याचं गिऱ्हाईक बांधलेलं असे. दळणावळ तो धान्यातच कापून घेई, म्हणून तो माप मारतो असा संशयही त्याच्यावर कायम असे. गिरणी वाहत्या पाण्याला धरून, बऱ्याचदा गावाबाहेर. म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेला, सगळ्यांपासून थोडा वेगळा असा एकच माणूस. आडनाव चिकटायला असाच माणूस लागतो.

कोकणात या अर्थाचं आडनाव का रुजलं नाही, तेही यातूनच कळतं. आपल्याकडे भात भरडायला घिरट, कांडायला उखळ-मुसळ, पिठाला जातं, आणि हे सगळं घरच्या घरी, बायकांच्या हातांनी. दळणं हा कुणा एकाचा धंदाच नव्हता, म्हणून बलुतेदारांत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट सापडतात, दळणारा सापडत नाही. तेलाचा घाणा मात्र धंदा होता, म्हणून तेली आहेत. जर्मनमध्ये तेलाच्या घाणीवाल्यालाही गिरणीवाल्यातच धरतात: ‘ओएलम्युलर’. लाकूड चिरणाऱ्या पाणचक्कीचा ‘झेगम्युलर’. कातडं कमावण्यासाठी झाडाची साल दळणारा ‘लोम्युलर’. ओढ्याच्या वरच्या अंगाचा ‘ओबरम्युलर’, खालच्या अंगाचा ‘नीडरम्युलर’.

एक सावधगिरी. व्याह्यांचा मूळपुरुष गिरणी चालवतच होता, असं छातीठोक सांगता येत नाही. वेस्टफालियासारख्या भागांत घराचं किंवा वाडीचं नाव तिथे राहायला येणाऱ्याला लागे. गिरणीच्या घरात घरजावई म्हणून आलेला माणूसही म्युलर होई.

‘मॅक्स म्युलर यांच्या नावात मॅक्स हे नाव की आडनाव? त्यांच्या घरात गिरणी होती का?’ (चिपळूण)

मॅक्स हे पाळण्यातल्या नावांपैकी एक. ऋग्वेद छापून काढणाऱ्या या जर्मन संस्कृत पंडितांचं पूर्ण नाव फ्रीडरिश मॅक्स म्युलर, जन्म १८२३, जर्मनीतलं देसाऊ. पण नुसतं ‘म्युलर’ फारच सर्रास, त्यात आपण हरवून जाऊ असं वाटल्यामुळे त्यांनी मॅक्स आडनावाला जोडून घेतलं. एखाद्या आडनावाचा सुळसुळाट किती होता, हे याहून नेमकं सांगणं कठीण. संस्कृतात तर ते स्वतःला मोक्षमूलर भट्ट म्हणवत.

घरात गिरणी नव्हती. वडील विल्हेल्म म्युलर कवी, आणि आजोबा देसाऊमध्ये हातकामावर पोट भरणारे कारागीर. आडनाव गोठलं आणि धंदा पुढे सरकला, याचं हे चांगलं उदाहरण. जाता जाता: १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी इंग्लंडातून गेलेल्या अर्जावर मॅक्स म्युलर यांची सही होती, आणि तुरुंगात त्यांनी टिळकांना आपल्या ऋग्वेदाची प्रतही पाठवली. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांशी असा एक म्युलर जोडलेला आहे.

‘आपल्या “कर”सारखा शेवट जर्मन आडनावांना असतो का?’ (मालवण)

असतो. तो म्हणजे ‘-एर’. व्हीनर म्हणजे व्हिएन्नाकर, न्युर्नबेर्गर म्हणजे न्यूरेंबर्गकर, ओपेनहायमर म्हणजे ओपेनहाइमकर. राइनकाठी ओपेनहाइम नावाचं गाव आजही आहे. पण धंद्याच्या आडनावांतही हाच ‘-एर’ येतो (फिशर, वेबर), त्यामुळे नुसत्या शेवटावरून निकाल देऊ नका. आधी ‘-एर’ काढून टाका. उरलेला तुकडा गावाचं नाव आहे की कामाचं, ते नकाशात आणि शब्दकोशात पाहा.

आणि ‘कर’चा जो नियम आपल्याकडे आहे तोच तिथेही चालतो: गावाचं नाव गाव सोडणाऱ्याला लागतं. मालवणात राहून सगळेच मालवणकर. त्या नावाने कोणीच ओळखला जाणार नाही. तो वेंगुर्ल्याला किंवा मुंबईला गेला की मालवणकर होतो. म्हणून बायर (बव्हेरियाचा), हेस (हेसेनचा), झाक्स (सॅक्सनीचा), बोएम (बोहेमियाचा) या आडनावांचा मूळपुरुष जिथे हे नाव मिळालं तिथला नव्हता, बाहेरून आलेला होता, असंच बहुधा समजावं.

पंधराव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ रेगिओमोंटानुस (जन्म १४३६) मुळात योहानेस म्युलर. त्याचं गाव फ्रांकोनियातलं क्योनिग्सबेर्ग, म्हणजे ‘राजाचा डोंगर’. ‘रेगिओमोंटानुस’ हा त्या गावाचाच लॅटिन अवतार. मराठीत सांगायचं तर म्युलरांचा योहानेस ‘राजगडकर’ म्हणून प्रसिद्ध झाला.

‘खोत, पाटील यांच्या जोडीची आडनावं?’ (लांजा)

मायर आणि शुल्त्स. मायर हा लॅटिन ‘मायोर’वरून आलेला, जमीनदाराच्या वतीने मळा सांभाळणारा, वसुली करणारा, पुढे स्वतःच खंडाने जमीन धरणारा. आपल्या खोताशी त्याचं बरंच जुळतं. शुल्त्स म्हणजे गावचा मुख्य, देणी वसूल करणारा आणि लहानसहान तंटे तोडणारा. तो पाटलाच्या जवळचा. मायरची स्पेलिंगं पाचसहा तरी आहेत आणि मोजणीत ती वेगवेगळी धरली जातात. श्मिटचंही तसंच: कोलोनकडे श्मिट्स, दक्षिणेत श्मिड. हे सगळे लोहार एकत्र मोजले तर ते म्युलरांना मागे टाकतात. तेव्हा ‘पहिला क्रमांक’ हा एका स्पेलिंगचा आहे, हे लक्षात असू द्या.

‘जुन्या घराच्या कौलावर इंग्रजीत “बासेल” असं उठवलेलं आहे. हे कारखानदाराचं आडनाव का?’ (गुहागर)

नाही. बासेल हे स्वित्झर्लंडमधलं शहर. तिथल्या बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. मंगलोरी कौलं म्हणतात ती त्या परंपरेतली. या शहरावरून आडनाव आहे, पण ते ‘बासलर’, म्हणजे बासेलकर.

‘जावयाच्या पासपोर्टवर आडनाव दोन प्रकारे छापलंय. वरती यूवर दोन ठिपके, खाली यूनंतर ई. तिकिटावर काय लिहायचं?’ (देवगड)

ही छपाईची चूक नव्हे. पासपोर्टच्या पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांत ठिपकेवालं अक्षर चालत नाही. जर्मन पासपोर्टात तिथे ‘यू ई’ लिहितात. तिकिटावर तळच्या ओळीप्रमाणेच लिहा: एम, यू, ई, डबल एल, ई, आर. नुसता यू लिहून ई गाळला की तिकीट आणि पासपोर्ट यांतली अक्षरं जुळत नाहीत आणि विमानतळावर खोळंबा होतो. लग्नाच्या कागदांवर वरचं, ठिपकेवालं रूप हेच खरं आडनाव; जिथे टाइप होत नाही तिथे ‘यू ई’ आणि प्रत्येक कागदावर तेच. एका कागदावर ‘मुलर’, दुसऱ्यावर ‘मिलर’ असं झालं तर पुढे ही दोन माणसं नाहीत हे सिद्ध करत बसावं लागतं.

उच्चार: जीभ ‘ई’साठी ठेवायची आणि ओठांचा चंबू ‘ऊ’सारखा करायचा. शेवटचा ‘र’ जवळजवळ ऐकू येत नाही. मराठीत ‘म्युलर’ लिहिणं पुरेसं जवळ आहे.

‘जावयाच्या सात पिढ्या काढून कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीत घालायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी?’ (दापोली)

सात पिढ्या निघू शकतात, पण म्युलर असल्यामुळे जपून. आधी व्याह्यांच्या घरातलं कुटुंबपुस्तक मागा. लग्नाच्या वेळी नोंदणी कचेरीतून मिळणारी ही फाइल. तिच्यात जन्म-विवाहाचे दाखले एकत्र असतात. काही घरांत १९३३ ते १९४५ या काळातलं वंशाच्या पुराव्याचं पुस्तकही सापडतं. त्यात तारखा भरपूर मिळतात, पण ते नाझी राजवटीच्या सक्तीने भरलेलं असतं. त्यांनी आपणहून काढलं तरच पाहावं.

त्यानंतर सरकारी नोंदी. सबंध जर्मनीत त्या १ जानेवारी १८७६ पासून आहेत, प्रशियात १८७४ पासून. जन्माची नोंद ११० वर्षं, विवाहाची ८० आणि मृत्यूची ३० वर्षं कचेरीत राहते आणि थेट वारसालाच मिळते. मुदत संपली की ती दफ्तरखान्यात जाते आणि कोणालाही पाहता येते. म्हणून अर्ज जावयाच्या सहीने करा, तुमच्या नको.

त्याआधीच्या काळासाठी चर्चची वह्या-दफ्तरं. कॅथलिक चर्चने बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या वह्या ठेवण्याचा नियम १५६३ मध्ये केला. प्रोटेस्टंट वह्या काही ठिकाणी त्याहून जुन्या आहेत. पुष्कळ कॅथलिक वह्या ‘मात्रिकुला’ या संकेतस्थळावर फुकट दिसतात, प्रोटेस्टंट ‘आर्कियोन’वर पैसे भरून. त्यामुळे घर कोणत्या पंथाचं, हे पहिल्याच पत्रात विचारून घ्या.

गल्लत कुठे होते? पहिलं, लॅटिनमध्ये लिहिणारा पाद्री म्युलरला ‘मोलिटोर’ करून टाकतो. दुसरं, जुन्या वह्यांत बायकांच्या आडनावाला ‘-इन’ लागतं: म्युलरिन. आपण पाटलाच्या बायकोला पाटलीण म्हणतो तसं. ते वेगळं आडनाव समजू नका. तिसरं, जुन्या वळणाच्या हस्तलिपीत ‘ई’ आणि ‘एन’ अगदी सारखे दिसतात. आणि सर्वांत मोठा घोळ: एकाच गावात एकाच वर्षी दोन योहान म्युलर. अशा वेळी नुसतं नाव-आडनाव जुळवून पुढे जाऊ नका. बायकोचं माहेरचं नाव, घर, धंदा आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार यांतल्या किमान दोन गोष्टी जुळल्या तरच पिढी जोडा. गावाचं नाव हाती नसेल तर म्युलर शोधायला निघूच नका. त्याऐवजी आजी-पणजीचं दुर्मिळ माहेरचं आडनाव धरा, ते गावापर्यंत लवकर पोचवतं.

‘इंटरनेटवर आडनावांचे नकाशे असतात. त्यांवर विश्वास ठेवावा का?’ (कणकवली)

ठेवावा, पण कोणता नकाशा आहे ते पाहून. बहुतेक नकाशे लँडलाइन फोनच्या यादीवरून केलेले असतात. एक जोडणी म्हणजे एक घर, म्हणून माणसांचा अंदाज काढायला आकडा साधारण पावणेतीन ते तीनने गुणतात. नुसत्या संख्येचा नकाशा उघडला तर कोणतंही आडनाव बर्लिन, हांबुर्ग, कोलोनमध्येच दाट दिसतं, कारण माणसंच तिथे जास्त. मूळ भाग शोधायचा तर दर हजार-लाख लोकांमागे किती, असा नकाशा घ्या. तसं पाहिलं की म्युलर नैर्ऋत्येकडे, झारलांडच्या बाजूला, दाट दिसतात आणि उत्तरेत त्यांच्या जागी ‘म्योलर’ येतात. अर्थ तोच, बोली वेगळी. आणि जुनी यादी नव्यापेक्षा बरी. मोबाइल आल्यावर लोकांनी यादीत नाव देणंच सोडलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्वेकडून सुमारे सव्वा कोटी जर्मन विस्थापित होऊन आले, त्यामुळे पूर्वेकडची आडनावं आज पश्चिमेत कुठेही भेटतात. समुद्रापलीकडचा हिशोबही धरा: अमेरिकेत गेलेले पुष्कळ म्युलर ‘मिलर’ झाले आणि तिथल्या २०१० च्या जनगणनेत मिलर सातव्या क्रमांकावर होतं. सगळे मिलर जर्मन मात्र नव्हेत, इंग्रजांचेही आहेत.

‘फिशर म्हणजे जर्मनीचे कोळी-गाबीत का?’ (हर्णै)

धंद्याने हो, जागेने नाही. फिशर नद्या-तळ्यांच्या आतल्या मुलखातही भरपूर आहेत. उपवासाच्या दिवशी चर्चला मटण चालत नसे, मासा चाले. म्हणून मठांनी तळी बांधून कार्प मासा पाळला. आपल्याकडच्या तांडेल किंवा नाखवा या आडनावांत होडी आणि समुद्र दिसतो, तसा फिशरमध्ये दिसत नाही.

‘लग्नानंतर मुलीला म्युलर व्हावंच लागेल का?’ (पुन्हा रत्नागिरी)

नाही. जर्मन कायद्यात काही जाहीर केलं नाही तर दोघांचं आपापलं आडनाव राहतं. हवं तर दोघांपैकी एकाचं सामाईक घेता येतं, आणि १ मे २०२५ पासून दोन्ही जोडून सामाईक जोडआडनावही घेता येतं, मध्ये आडवी रेघ देऊन किंवा न देता. फक्त ‘म्युलर’ इतकं सर्रास आहे की तिथल्या प्रशासकीय नियमांत गोंधळ होणारं आडनाव म्हणून ते नावानिशी दिलेलं आहे, आणि तेवढ्या कारणावर बदलाचा अर्जही करता येतो. मुलीचं आडनाव ‘-कर’वालं असेल तर त्या कचेरीत तिच्यासारखी दुसरी कोणी असण्याची भीती नाही.